चाल लावून वाचायचं मासिक

जळगाव स्टेशनाबाहेर रिक्षात बसायचं आणि नुसतं ‘काव्यरत्नावली’ म्हणायचं. चौक हा शब्द जोडायचीही गरज पडत नाही. मी नाव सांगितलं, रिक्षा सुरू झाली. वाटेत विचारलं, हे नाव कशावरून पडलं? रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. “नावच आहे भाऊ ते. पहिल्यापासून.”

चौकात संध्याकाळी उतरलो तर उभं राहायला जागा नव्हती. मोटारसायकली तिरप्या लावून पोरं बसलेली, खाण्याच्या गाड्यांवरचा तवा वाजतोय, कोणाचा तरी वाढदिवस बॉनेटवर केक ठेवून चाललाय. आपण कुठे भेटायचं याचं या शहरातल्या अर्ध्या तरुणांचं उत्तर हे एका कवितेच्या मासिकाचं नाव आहे, आणि ते मासिक बंद पडून त्यांच्या आजोबांचंही वय उलटून गेलं. पुण्या-मुंबईत रस्त्यांना संपादकांची नावं आहेत. मासिकाच्याच नावाचा चौक मला तरी दुसरा माहीत नाही.

दिवाळी अंकासाठी ‘प्रकाशन समारंभ’ या विषयावर लिहा असं सांगणं आलं, तेव्हा पहिला विचार शाल-श्रीफळाचाच आला होता. अंकाचं प्रकाशन, मग काव्यवाचन, मग चार गाणी, मग चहा. या सगळ्याचा आणि वाचनाचा संबंध काय, असा थोडा तिरकस लेख लिहायचा बेत होता. तो बेत जळगावनं मोडला.

‘काव्यरत्नावली’ १८८७ साली निघालं. नारायण नरसिंह फडणीस, म्हणजे नानासाहेब, हे संपादक. फक्त कवितेला वाहिलेलं मासिक, तेही जळगावसारख्या ठिकाणाहून, आणि ते जवळजवळ अर्धशतक चाललं. कथा नाही, कादंबरीचं प्रकरण नाही, पाककृती तर नाहीच. निव्वळ कविता. आज असं मासिक काढतो म्हणणाऱ्याला घरचे आधी बसवून पाणी देतील.

पण त्या काळची कविता आज आपण वाचतो तशी नुसती डोळ्यांनी वाचायची वस्तू नव्हती. जुने अंक, जुने संग्रह उघडून पाहा. कवितेच्या नावाखाली कंसात बारीक टाइपात एक ओळ असते: ‘चाल’, आणि पुढे एखाद्या नाटकातल्या पदाचे किंवा लावणीचे पहिले शब्द. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्यातल्या पदांच्या चाली गावोगाव पोचल्या. कवी त्या चाली उसन्या घेत. वाचणाऱ्याला ती ओळ दिसली की त्यानं मनात, किंवा घरात कोणी नसेल तर मोठ्यानं, ती चाल धरायची आणि नवी कविता तीवर चढवायची. चाल नसेल तर वृत्त, आणि वृत्त म्हणायची ढब शाळेतच अंगात मुरलेली. म्हणजे छापलेलं पान ही अर्धीच वस्तू. उरलेला अर्धा भाग वाचकाच्या गळ्यात. ‘काव्यरत्नावली’ हातात पडली की माणूस ती म्हणायचा. ‘वाचायचा’ हे क्रियापद नंतरचं.

मग एक अडचण येते. कवी चिपळूणला किंवा नगरला, संपादक जळगावला, वाचक कुठे तरी तालुक्याच्या गावी. प्रत्येक जण आपापल्या घरात कविता गुणगुणतोय, आणि एकमेकांची तोंडं कोणी पाहिलेली नाहीत. केशवसुत मास्तरकीच्या निमित्तानं मुंबईहून खानदेशात आले, भडगावला राहिले, मग फैजपूरच्या शाळेत. दोन्ही गावं आजच्या जळगाव जिल्ह्यात. त्यांच्या कविता मासिकांतून येत होत्या, तरी हयातीत त्यांचा संग्रह निघाला नाही. ७ नोव्हेंबर १९०५ ला ते हुबळीला प्लेगनं गेले. मराठी कवितेचं वळण बदलणारा हा माणूस चारचौघांत कसा म्हणत असेल, कविता म्हणताना आवाज चढवत असेल की तोंडातल्या तोंडात बोलत असेल, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तसे लोक जमवायची रीत तेव्हा पडलेली नव्हती. ग्रंथकारांची संमेलनं १८७८ पासून होत होती, पण कवी म्हणून कवींना बोलावणं हा वेगळा उद्योग होता.

तो उद्योग १९०७ साली जळगावात झाला. महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन. आदल्याच वर्षी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते आणि जळगाव पूर्व खानदेशाचं मुख्य ठिकाण बनलं होतं. कापसाची बाजारपेठ, मुंबईकडून येणारी रेल्वे, तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी दुसरी लाइन. नव्यानं जिल्हा झालेल्या गावाला आपलंही काही असावं असं वाटतंच. कविसंमेलनाचं मूळ मला तरी एका प्रश्नात दिसतं: आपण वीस वर्षं ज्यांच्या कविता छापतोय, त्या ऐकायच्या कधी?

अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. यांच्याविषयी दोन शब्द जास्त लिहायचा मोह आवरत नाही. लष्करी डॉक्टर, कवी, आणि पेशाइतक्याच निष्ठेनं वनस्पतिशास्त्रज्ञ. टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’ या काव्यावरून त्यांनी मराठीत ‘इंदिरा’ केली होती. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा कीर्तिकर आणि बसू यांचा जो ग्रंथ आयुर्वेदाच्या महाविद्यालयांत आजही चाळला जातो, त्यातले कीर्तिकर हेच. तो ग्रंथ १९१८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. आयुष्यभर पानं, देठ, फुलं न्याहाळून प्रत्येकाला नेमकं नाव लावायची सवय असलेला हा माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला, आणि समोर कविता म्हणायला उभा राहिला धरणगावचा एक मुलगा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म १३ ऑगस्ट १८९०, म्हणजे वय सोळा-सतरा.

पुढचं शाळेच्या पुस्तकात असतं. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं आणि ठोंबरे हे आडनाव मराठी कवितेतून कायमचं मागे पडलं.

पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकतं, म्हणून त्यातली गंमत लक्षात येत नाही. हे नाव छापलेली कविता वाचून कोणाला सुचलं नसतं. कागदावर कवीचं वय कुठे दिसतं? अंकात कविता आली असती तर खाली ‘त्र्यं. बा. ठोंबरे’ एवढंच आलं असतं, आणि जळगावपासून लांबच्या एखाद्या वाचकानं मनात चित्र रंगवलं असतं ते उपरणं घेतलेल्या कुणा पोक्त गृहस्थाचं. मिसरूडही धड न फुटलेला मुलगा डोळ्यांसमोर उभा आहे, त्याच्या गळ्यातून हे येतंय, आणि भोवती बसलेली मोठी माणसं एकमेकांकडे बघताहेत, तेव्हा ‘बालकवी’ हा शब्द जन्मतो. मासिकाला जे वीस वर्षं करता आलं नाही ते एका बैठकीनं केलं. मासिक नसतं तर बैठक भरली नसती, हेही खरंच.

पुढे नारायण वामन टिळकांनी या मुलाला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त तो ठोंबरे म्हणून वावरताना दिसतो, हट्टी, भोळा, घरातलाच. ५ मे १९१८ ला जळगावशेजारच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून तो गेला. संमेलनाला अकरा वर्षं झाली होती. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. जळगावहून भुसावळकडे निघालेली गाडी भादलीवरून सेकंदात पुढे जाते, मी खिडकीत बसून मुद्दाम पाहिलं.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला. (मूळचे आजगावकर, बंगालीच्या प्रेमापोटी ‘मित्र’ झाले.) त्यावर दर दिवाळीत कोणी ना कोणी लिहितंच, मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या अंकानं मासिकाला सणाशी बांधलं. जळगावचं संमेलन दोन वर्षं आधीचं. मासिकाला आवाज मिळाला तो आधी, उटणं-फराळ नंतर.

आवाजाचा खरा शौक केला तो पुण्यातल्या रविकिरण मंडळानं. १९२३ च्या सुमाराची गोष्ट. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई, वि. दा. घाटे, नाट्यछटा लिहिणारे दिवाकर, अशी मंडळी रविवारी चहाला जमत आणि एकमेकांच्या कवितांची चिरफाड करत. मग हे कवी घराबाहेर पडले आणि सभेत कविता गाऊ लागले. चाली लावून, सुरात. लोक तिकिटाच्या नाटकाला जावेत तसे ऐकायला जात. चहाच्या टेबलापासून सुरू झालेली गोष्ट शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत गेली, मंडळाची पुस्तकं खपली, आणि कवी हा प्राणी लोकांना दिसू लागला.

अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये या सगळ्याची जी हजेरी घेतली, तिला तोड नाही. पण अत्रे थट्टा करत होते ती लोकांच्या कानांत बसलेल्या गोष्टीची. जे कोणी ऐकलंच नाही त्याचं विडंबन होत नसतं. आणि अत्र्यांची विडंबनंही गाऊनच म्हटली जायची! थोड्याच वर्षांत ग्रामोफोनवाल्यांनी हे काम हाती घेतलं. जी. एन. जोशींच्या आवाजात ना. घ. देशपांडे यांची कविता तबकडीवर आली, भावगीत हा शब्द घरोघरी झाला, आणि कवितेचं गाणं हा वेगळा धंदा बनला. मासिकातल्या कवितेवरची ‘चाल’ ही ओळ हळूहळू गळून गेली. आता चाल लावायला संगीतकार होते, वाचकाची गरज उरली नव्हती.

मर्ढेकरांपाशी ही तार तुटली असं म्हणायची पद्धत आहे. १९४६ साली बडोद्याच्या ‘अभिरुची’त त्यांची ती उंदरांची कविता आली आणि गदारोळ झाला. ती कविता कोणत्या पदाच्या चालीवर म्हणणार? गंमत अशी की मर्ढेकर नोकरीला होते आकाशवाणीत, म्हणजे आवाजाच्याच कारखान्यात. पुढे ‘सत्यकथा’, श्री. पु. भागवत, राम पटवर्धन, हा सगळा डोळ्यांनी, पेन्सिल हातात घेऊन वाचायचा काळ. मी त्याला नावं ठेवत नाही. त्या शिस्तीनं मराठीला उत्तम कथा आणि उत्तम कवी दिले. पण ‘सत्यकथे’चा प्रकाशन समारंभ, गाणीबजावणी, असं चित्र काही केल्या मनात उभं राहत नाही.

तरी कान गप्प बसले नव्हते. वसंत बापट, विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर हे तिघं याच काळात गावोगाव फिरून कविता म्हणत होते. गात नव्हते, म्हणत होते, हा फरक महत्त्वाचा. बापटांना राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची सवय, शब्द मागच्या रांगेपर्यंत फेकायची. विंदांचा आवाज खणखणीत, ठोके देत जाणारा. पाडगावकर जाड चष्म्यातून पाहत, लाडीगोडीनं, मधेच मिश्किल थांबा घेत. ज्यांनी ऐकलंय त्यांच्यापुढे या तिघांची कविता नुसती वाचून पाहा, लगेच ‘तसं नाही’ म्हणून म्हणून दाखवतील. माझ्या मावशीनं घरात कवितेचं एक पुस्तक ठेवलं नव्हतं, पण तालुक्याच्या हायस्कुलात एका रात्री ऐकलेल्या तीन-चार कविता तिला शेवटपर्यंत येत होत्या, थांब्यांसकट.

गिरगावातली खटाववाडी हे ‘मौज’चं आणि ‘सत्यकथे’चं घर. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. लघुअनियतकालिकांचा जमाना. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘आत्ता’: नावं पाहा, एकाही नावाला साहित्याचा वास नाही. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांचा ‘शब्द’ पन्नाशीच्या दशकातला, सायक्लोस्टाइल केलेला. या अंकांना कसला प्रकाशन समारंभ? स्टेन्सिल कापायची, चक्र फिरवायचं, शाईनं काळे झालेले हात सदऱ्याला पुसायचे आणि प्रती खांद्याच्या झोळीत घालून वाटत सुटायचं. इराण्याच्या हॉटेलात एक चहा दोघांत, आणि अंक तिथेच मोठ्यानं वाचून व्हायचा. समारंभाचा तिटकारा असलेल्या या मंडळींनी केला तो एकच जाहीर समारंभ, आणि तो अंक जाळण्याचा. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. बहुतेक लघुअनियतकालिकं त्याच्या आधीच विझली होती.

पण याच गोतावळ्यातले कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकत होते. बळवंतबुवा नावाच्या भजनीबुवांशी त्यांचं वर्षानुवर्षं मैत्र होतं. आधुनिक म्हणून ज्यांची कविता आपण दबकत वाचतो, तो कवी थापेची आणि खालीची मोजदाद करत बसलेला असायचा. चालीची ओळ पानावरून गेली होती, बोटांतून गेली नव्हती.

बैठकीला कोणाला बोलावलं जातं, हा प्रश्न जुनाच. १८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारलं होतं, ते पत्र प्रसिद्ध आहे. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि त्याच्याभोवती लेखक-वाचक मेळावे भरवले. गावं बदलत जायची. वाचक हा शब्द मेळाव्याच्या नावातच होता, मागच्या खुर्च्यांवर बसवायला नव्हता. ज्यांच्या घरात छापील मासिक पहिल्यांदाच येत होतं, त्यांच्या घरात जलसा आणि भीमगीतं मात्र आधीपासून होती. त्यामुळे तिथे कविता आणि गाणं यांची ओळख करून द्यावी लागली नाही. मंचावर आत्ताच मुक्तछंद वाचून उतरलेला पोरगा रात्री शाहिरामागे कोरसमध्ये उभा, हे दृश्य त्या मेळाव्यांत वाढलेल्या पिढीकडून मी इतक्यांदा ऐकलंय की ते मी पाहिलंय असंच वाटतं.

आता आजचा समारंभ. ऑक्टोबर उजाडला की बाइंडरकडे दिवाळी अंकांच्या थप्प्या लागतात. फर्मे छापून पडलेले, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन दुसरीकडे अडकलेलं, शुभेच्छांच्या जाहिरातीतला कुणाचा तरी फोटो बदलायचा राहिलेला. सभागृहाची तारीख मात्र दोन महिने आधी ठरलेली असते. एका अंकाच्या प्रकाशनाला मी कवितावाचनासाठी गेलो होतो, नाव सांगत नाही. पाहुण्यांनी फीत सोडली, चकचकीत कागद उलगडला, सगळ्यांनी अंक छातीशी धरून फोटो काढले. मला वाचायची कविता त्याच अंकात होती, म्हणून मी सरळ पान उघडलं. आत माझी कविता नव्हती. आत गेल्या वर्षीचा अंक होता, बाहेरून यंदाचं मुखपृष्ठ चिकटवलेलं. खरे अंक बाइंडरकडेच होते. संपादक पहिल्या रांगेतून हात जोडून माझ्याकडे पाहत होते.

मी कविता तोंडपाठ म्हटली. दोन ओळी चुकल्या असतील. नंतर पेटी-तबल्यावर गाणी झाली, तबलजी नोकरीवरून थेट आलेला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. त्यानं मधल्या वेळात मला विचारलं, ती तुमची कविता कुठल्या अंकात आहे? याच, म्हटलं. त्यानं समोरचा अंक उचलला, चाळला, पुन्हा पहिल्यापासून चाळला. “सापडत नाही,” म्हणाला, “पण धुमाळीत बसेल ती.” आणि मांडीवर बोटांनी वाजवून दाखवलं. बसत होती.

त्या संध्याकाळी विकायला एकही प्रत नव्हती, तरी वर्गणीची पावती अकरा जणांनी फाडली. संपादकांनी मला दुसऱ्या दिवशी फोन करून हा आकडा सांगितला, आवाजात अपराध आणि आनंद अर्धा-अर्धा.

आपल्याकडच्या समारंभांत बोलणं फार होतं, ही तक्रार आहेच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, दुसरं मनोगत, अध्यक्षीय, आभार. कवींना वेळ उरतो तीन मिनिटांचा, आणि ‘एकच, छोटी’ अशी चिठ्ठी निवेदक सरकवतो. १९०७ साली अध्यक्षांनी ठोंबऱ्यांना ‘एकच, छोटी’ म्हटलं असतं तर काय, असं दरवेळी मनात येतं. हल्ली काही तरुण मंडळी हे उलटं करू लागली आहेत. कोणाच्या तरी गच्चीवर सतरंजी, एक माइक, अंक दाराशी टोपलीत ठेवलेले, घ्यायचा तर पैसे टोपलीत टाका. आधी वाचन, मग गाणं, भाषण नाही. फराळाऐवजी हिवाळ्यात जळगावकडे भरीत-पुरी. खानदेशात वांग्याचं भरीत हे जेवण नसून जमण्याचं कारण आहे, ते भाजायला काटक्या पेटवाव्या लागतात आणि मग माणसं आपोआप गोल बसतात.

काव्यरत्नावली चौकात मी तासभर होतो. शेजारच्या मोटारसायकलवर एक मुलगा कानाला मोबाइल लावून कोणाला तरी जागा समजावून सांगत होता. “अरे, काव्यरत्नावली. का-व्य-रत्-ना-व-ली.” पलीकडच्याला ऐकू येत नसावं. त्यानं पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं, प्रत्येक अक्षर तोडून, आणि शेवटचं ‘ली’ लांबवून. मग गाडीच्या टाकीवर त्याच ठेक्यात दोन बोटं वाजवत वाट पाहत बसला.